कायदा बदलला, उपविधींचे काय?

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. नफा कमावणे हा त्यांपैकी एकीचाही उद्देश नाही. सभासदांकडून वर्गणी घ्यायची, इमारत सांभाळायची, पाणी-वीज-सफाई पाहायची आणि हे सगळे कोणत्या रीतीने करायचे ते आपल्या उपविधींत लिहून ठेवायचे, एवढाच त्यांचा व्याप. या संस्थांना लागू असलेला कायदा अलीकडे दोनदा मोठ्या प्रमाणात बदलला, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. दोन्ही वेळी सर्वसाधारण सभांपुढे तेच प्रश्न आले. जुने उपविधी आपोआप बदलले असे मानायचे का? सरकारने छापलेले नवे उपविधी जसेच्या तसे स्वीकारायचे का? की बसून स्वतःचे लिहायचे? या प्रश्नांवर वकील, सहकार खाते, संस्थांचे महासंघ आणि सभासद यांच्यात बरीच वर्षे चर्चा चालू आहे. तिचे काही मुद्दे न्यायालयांनी मिटवले, काही अजून तसेच आहेत.

पार्श्वभूमी

भारतातला पहिला सहकार कायदा १९०४चा. तो पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर उद्देशांच्या संस्थांना वाट मोकळी केली आणि तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. सहकारी गृहनिर्माणाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते रावबहादूर तालमकी या कामामागे होते. मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा सहकार कायदा केला. आजचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा असून तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आहे.

हा कायदा सर्व प्रकारच्या संस्थांसाठी लिहिला गेला. साखर कारखाना, दूध संघ, नागरी बँक आणि बारा बिऱ्हाडांची सोसायटी यांना एकच कलमे लागू होती. पार्किंग कसे वाटायचे, भाडेकरू ठेवताना काय कळवायचे, मेंटेनन्स कोणत्या हिशेबाने आकारायचा, यांबद्दल कायदा गप्प होता. ती जागा उपविधींनी भरली. म्हणून रोजच्या व्यवहारात गृहनिर्माण संस्थेचा सभासद कायद्यापेक्षा उपविधींशीच जास्त झगडतो. कायदा त्याने पाहिलेलाही नसतो.

रचना तीन पायऱ्यांची आहे. वर विधिमंडळाचा कायदा, त्याखाली सरकारने केलेले १९६१चे नियम आणि सर्वांत खाली संस्थेचे उपविधी. उपविधी बदलायचा तर ठरलेली वाट आहे. सभेच्या नोटिशीसोबत दुरुस्तीचा मसुदा जातो, सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सभासदांनी ठराव मंजूर करावा लागतो, आणि मग जुना मजकूर, नवा मजकूर व बदलाचे कारण अशा तक्त्यासह प्रस्ताव उपनिबंधकाकडे जातो. कलम १३ प्रमाणे नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती अमलात येत नाही. सभेने एकमताने मंजूर केले तरीही नाही. वाद होतात त्यांतले बरेचसे याच टप्प्यावर उगवतात. ठराव झालेला असतो, इतिवृत्तात लिहिलेला असतो, समिती त्याप्रमाणे वागू लागलेली असते आणि नोंदणीचा अर्ज मात्र कधी गेलेलाच नसतो.

पहिला बदल: २०१३

संसदेने केलेली ९७वी घटनादुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ रोजी लागू झाली. सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आला. संस्थांची स्वेच्छेने स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांना राज्याने चालना द्यावी असे सांगणारा अनुच्छेद ४३ख आला, आणि सहकारी संस्थांसाठी भाग नऊ-ख हा नवा भाग जोडला गेला. संचालकांची कमाल संख्या २१, मुदत पाच वर्षे, महिलांसाठी दोन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव, आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा, निवडणुकीसाठी वेगळी यंत्रणा अशा तरतुदी त्यात होत्या. राज्यांना आपले कायदे जुळवून घेण्यासाठी एक वर्ष मिळाले.

महाराष्ट्राने मुदतीच्या अगदी शेवटी, १४ फेब्रुवारी २०१३ रोजी अध्यादेश काढला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा, सभेनेच मान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमणे, निबंधकाकडे विवरणपत्रे भरणे आणि राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण या गोष्टी तेव्हापासून रूढ झाल्या. त्यांना धरून २०१४ मध्ये गृहनिर्माण संस्थांचे नवे आदर्श उपविधी आले. शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती अकरा जणांची, पाचशेच्या वर गेल्यास एकोणीस जणांची, आणि त्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागासवर्ग यांच्या जागा, असा तक्ता त्यात आहे. वीस-पंचवीस सदनिकांच्या इमारतीत अकरा जणांची समिती भरायची कशी, ही अडचण तेव्हापासून सर्वत्र ऐकू येते. राखीव जागेसाठी सभासदच नसेल तर ती रिकामी ठेवून काम चालते.

पुढे घटनादुरुस्तीच डळमळली. गुजरात उच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये भाग नऊ-ख रद्द ठरवला. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्र शहा प्रकरणात दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल बहुतांशी उचलून धरला. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय असल्याने निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेणे आवश्यक होते आणि ती घेतलेली नव्हती. त्यामुळे हा भाग फक्त बहुराज्य सहकारी संस्थांपुरता उरला.

या निकालानंतर काही संस्थांत असा समज पसरला की २०१३च्या दुरुस्त्या आणि त्यांवर आधारलेले उपविधी रद्द झाले. तसे झालेले नाही. सहकारी संस्थांबाबत कायदा करण्याचा अधिकार महाराष्ट्र विधिमंडळाला मुळातच आहे. घटनेने घातलेली सक्ती गेली, राज्याने केलेला कायदा राहिला. तो बदलायचा की नाही हे आता राज्याच्या हाती आहे.

दुसरा बदल: २०१९

गृहनिर्माण संस्थांना कारखाने व बँकांपासून वेगळे काढावे ही मागणी जुनी होती. ती २०१९ मध्ये पूर्ण झाली. अधिनियमात प्रकरण तेरा-ब हे नवे प्रकरण आले आणि कलम १५४ब पासून सुरू होणारी कलमांची मालिका केवळ गृहनिर्माण संस्थांसाठी लिहिली गेली. पाच जणांनाही संस्था नोंदवता येऊ लागली. पुढे २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना समितीची निवडणूक स्वतः घेण्याची मुभा मिळाली, म्हणजे २०१३ मध्ये लहान संस्थांवर आलेला खर्चाचा व प्रतीक्षेचा भार बराच हलका झाला.

उपविधींच्या दृष्टीने सर्वांत मोठे बदल सभासदत्वाच्या व्याख्यांत आहेत. पूर्वी पती-पत्नीच्या नावावर सदनिका असली तर शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव दुसरे तो सहयोगी सभासद. नव्या कायद्यात तो संयुक्त सभासद झाला. सहयोगी सभासद ही संज्ञा आता वेगळ्याच व्यक्तीसाठी आहे. जिचे नाव सर्टिफिकेटवर नाही, पण जी सभासदाच्या ठरावीक नात्यातली आहे आणि त्याच्या शिफारशीने व लेखी संमतीने त्याच्या वतीने हक्क बजावते, ती व्यक्ती. २०१४चे उपविधी वापरणाऱ्या संस्थेत शब्द तोच राहिला आणि माणूस बदलला. मतदान कोण करू शकतो, समितीची निवडणूक कोण लढवू शकतो, हे थेट या शब्दावर ठरते. त्यामुळे निवडणुकीच्या वेळी हा गोंधळ महाग पडतो.

दुसरा बदल मृत सभासदाच्या सदनिकेबाबतचा. नॉमिनी मालक की केवळ विश्वस्त, हा वाद घराघरांत आहे. पश्चिम बंगालमधल्या इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले की नामनिर्देशन संस्थेवर बंधनकारक आहे, पण वारसांचा मालकीचा दावा त्याने संपत नाही. नव्या कलम १५४ब-१३ ने मधला मार्ग काढला. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातली तडजोड यांच्या आधारे खरा हक्कदार सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचे. समितीसाठी ही मोठी सोय आहे. वारसा ठरवण्याचे ओझे तिच्या डोक्यावरून उतरते आणि तरीही देखभालीची वर्गणी भरणारा, सभेची नोटीस घेणारा कोणीतरी असतो. परंतु जुन्या उपविधीत नॉमिनीच्या नावावर भाग वर्ग करून प्रकरण मिटवण्याचीच पद्धत लिहिलेली असेल, तर समिती त्याप्रमाणे वागते आणि दोन वर्षांनी भावंडे सहकार न्यायालयात उभी राहतात.

थकबाकीचेही तसेच. वसुलीचा दाखला पूर्वी कलम १०१ खाली मिळे. गृहनिर्माण संस्थांसाठी ती तरतूद आता कलम १५४ब-२९ मध्ये आहे. उपविधीत जुने कलम लिहिलेले असल्यामुळे अर्ज फेटाळला जावा इतके हे गंभीर नाही, मात्र थकबाकीदाराच्या वकिलाला पहिली हरकत आयती मिळते.

कायदा बदलला की उपविधी आपोआप बदलतात का?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर नाशिकच्या एका प्रकरणाने दिले. नाशिक मर्चंट्स सहकारी बँकेच्या निवडणुकीत, कायद्याने सांगितलेल्या राखीव जागांची तरतूद बँकेच्या उपविधींत नव्हती. बाबाजी कोंडाजी गरड यांच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले की कायदा आणि उपविधी यांत विसंगती असेल तर कायदाच वरचढ, आणि उपविधी दुरुस्त केले नाहीत ही सबब कायदा टाळण्यासाठी चालणार नाही. उपविधींना कायद्याचे बळ नसते, ते फार तर कंपनीच्या नियमावलीसारखे सभासदांमधल्या कराराच्या स्वरूपाचे असतात, अशी न्यायालयाची भूमिका आहे.

यावरून एक मत असे मांडले जाते की उपविधी सुधारण्याची घाई कशाला, विसंगत भाग आपोआप निष्प्रभ होतो. हे मत मांडणाऱ्यांकडे व्यावहारिक मुद्देही आहेत. दोन तृतीयांश बहुमत जमवणे कठीण, उपनिबंधक कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, आणि एवढे करून दोन-तीन वर्षांत कायदा पुन्हा बदलतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की निष्प्रभ झालेल्या कलमाची जागा रिकामी राहते. कायदा किमान चौकट देतो. तात्पुरत्या सभासदाचा अर्ज कोणत्या नमुन्यात, सोबत कोणती कागदपत्रे, समितीने किती दिवसांत निर्णय घ्यायचा, हा तपशील उपविधीतच लिहावा लागतो. शिवाय सामान्य सभासदाच्या हाती असते ते पुस्तक उपविधींचे. त्यातले कोणते वाक्य जिवंत आणि कोणते मृत, हे त्याने कसे ओळखायचे? मला या मुद्द्याचे वजन अधिक वाटते. समितीचे पदाधिकारी नोकरी सांभाळून रात्री नऊ वाजता कार्यालयात बसणारे लोक असतात. त्यांच्याकडून राजपत्र वाचून उपविधींशी पडताळण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

आदर्श उपविधी: जसेच्या तसे की आपले आपण?

सहकार आयुक्तालयाच्या आदर्श उपविधींची पुस्तिका ही बहुतेक संस्थांची वाट. एक ठराव, पुस्तिका जोडली, नोंदणी झाली. महासंघांचा कलही याकडे असतो, आणि त्याला कारण आहे. मजकूर तपासलेला असतो, नोंदणीला अडथळा येत नाही, आणि राज्यभर एकच भाषा असल्याने एका संस्थेतला निकाल दुसरीला उपयोगी पडतो. घरगुती मसुद्यांत भाडेकरूंवर, अविवाहितांवर, पाळीव प्राण्यांवर मनमानी बंधने घुसवली जातात, हाही त्यांचा अनुभव आहे.

याविरुद्धचे म्हणणे स्वायत्ततेचे आहे. ‘आदर्श’ म्हणजे नमुना, सक्ती नव्हे, आणि सभेने स्वीकारून नोंदवल्याशिवाय तो संस्थेला लागू होत नाही, हे कायद्याच्या रचनेतच आहे. पारशी सभासदांपुरत्या असलेल्या अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदांनी आपसांत ठरवलेल्या उपविधीला बरेच महत्त्व दिले. त्या निकालावर टीकाही झाली, कारण सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याला त्याने मान्यता दिली. स्वायत्तता कुठपर्यंत ताणायची, हा प्रश्न तिथे उघडा पडला.

प्रत्यक्षात किती जागा मोकळी आहे, हे पाहिले तर ती वाटते त्याहून कमी आहे, पण नगण्य नाही. हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या कमाल दहा टक्के, या मर्यादा सरकारने २००१ मध्ये घातल्या. त्यांपलीकडे कोणतीही संस्था जाऊ शकत नाही. सेवाशुल्क क्षेत्रफळावर न आकारता सर्व सदनिकांना समान आकारावे, याला उच्च न्यायालयाने व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मान्यता दिली. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळे विकता येत नाही, हे नहालचंद प्रकरणात २०१०मध्ये ठरले. मात्र सोसायटीच्या ताब्यात आलेल्या जागांचे वाटप सोडतीने, आळीपाळीने की प्रतीक्षायादीने करायचे, दुसऱ्या गाडीला किती आकारायचे, दुरुस्ती निधी किमान दरापेक्षा जास्त जमवायचा का, तक्रार आल्यावर समितीने किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे संस्थेनेच ठरवायचे आहे. जुन्या इमारतींच्या संस्थांनी तर दुरुस्ती निधीचा उपविधी स्वतंत्र विचार करून लिहायला हवा. बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्क्याचा किमान दर चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर लावला, तर हाती येणारी रक्कम गळती थांबवायलाही पुरत नाही. छापील पुस्तिका आंधळेपणाने स्वीकारली की नेमके असे निर्णय घेतलेच जात नाहीत.

निबंधकाचा हात

कलम १४ प्रमाणे एखादी दुरुस्ती संस्थेच्या हितासाठी आवश्यक वाटली तर निबंधक तिला ती करायला सांगू शकतो, आणि मुदतीत न केल्यास स्वतः नोंदवू शकतो. सहकार खात्याचे म्हणणे असे की हजारो संस्था वर्षानुवर्षे उपविधींना हात लावत नाहीत, आणि कायदा अमलात आणायचा तर असा अधिकार हवाच. सभासदांच्या बाजूनेही त्याला पाठिंबा मिळतो. समितीच जुन्या तरतुदींचा फायदा घेत असेल तर बाहेरचा दट्ट्याच कामी येतो.

आक्षेप घेणारे अनुच्छेद १९(१)(ग) आणि ४३ख यांकडे बोट दाखवतात. राजेंद्र शहा निकालानंतरही हे दोन्ही अनुच्छेद शाबूत आहेत. सभासदांनी दोन तृतीयांश मतांनी जे मान्य केले नाही ते अधिकाऱ्याच्या सहीने त्यांच्या करारात यावे, हे स्वायत्त कारभाराशी कसे जुळते? कलम ७९अ खालच्या सरकारी निर्देशांबाबतही असाच वाद आहे. पुनर्विकासाचे निर्देश २००९ मध्ये आले आणि ४ जुलै २०१९ रोजी त्यांची जागा नव्या निर्देशांनी घेतली. त्यांचे काटेकोर पालन सक्तीचे की ते मार्गदर्शक, यावर मुंबई उच्च न्यायालयाचा कल बहुतांशी दुसऱ्या बाजूचा राहिला आहे. तरीही पुनर्विकासाच्या प्रत्येक वादात ते पुन्हा पुढे येतात.

काय बाकी आहे

२०१९च्या प्रकरणाला जुळणारे स्वतंत्र नियम बराच काळ नव्हते. १९६१च्याच नियमांवर आणि २०१४च्याच पुस्तिकेवर गाडा चालू राहिला. एप्रिल २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. थकबाकीवरचे व्याज २१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणणे आणि सभेला दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची सोय, या त्यातल्या दोन गोष्टींची सर्वाधिक चर्चा झाली. व्याजाबाबत संस्थांची दोन टोके आहेत. लहान संस्थांना भीती वाटते की व्याज कमी झाले तर सभासद सोसायटीला स्वस्त कर्जाचे ठिकाण समजतील. निवृत्त सभासदांना आजवरचा दर जाचक वाटतो. दूरदृश्य सभेत मात्र उपविधी-दुरुस्तीचे मतदान कसे नोंदवायचे, ‘हजर आणि मतदान करणारे’ कोणाला म्हणायचे, गुप्त मतदान शक्य आहे का, हे प्रश्न आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी सदनिकाधारकांना ही सोय हवी आहे, कारण एरवी सर्वसाधारण सभेत त्यांचा आवाज कधी पोहोचतच नाही.

संक्रमणकाळाचा प्रश्नही सुटलेला नाही. जुन्या व्याख्येप्रमाणे सहयोगी सभासद म्हणून समितीवर निवडून आलेल्याचे पद नव्या व्याख्येने टिकते का, आणि २०१९ पूर्वी नॉमिनीच्या नावे झालेल्या हस्तांतरणाला नव्या कलमाचा धक्का लागतो का, यांवर वेगवेगळ्या उपनिबंधकांकडून वेगवेगळी उत्तरे मिळतात. अंतिम उत्तर प्रत्येक प्रकरणागणिक न्यायालयातच शोधावे लागते.

आणि एक साधी अडचण तर सर्वत्र आहे. संस्थेचे आज लागू असलेले उपविधी नेमके कोणते, हे सांगणारी एकच एकत्रित प्रत पुष्कळ संस्थांकडे नाही. मूळ पुस्तिका, त्यावरच्या दोन-तीन दुरुस्त्या, त्यांतली एखादी नोंदलेली, एखादी केवळ इतिवृत्तात असलेली, असा गठ्ठा असतो. सभासदाला उपविधी पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर नोंदणीच्या तारखेसह एकत्रित मजकूर तयार करणे ही जबाबदारी संस्थेची की उपनिबंधक कार्यालयाची, यावर मात्र सहकार खाते आणि संस्था एकमेकांकडे पाहत आहेत.